चांदणं नावाचा नियम

माझ्या मोठ्या जाऊबाई टाइप करताना पुटपुटतात. म्हणजे, पुटपुटायच्या. जे अक्षर बोट दाबेल ते ओठ म्हणणार, आणि दोन शब्दांच्या मधल्या जागेत नुसती भुणभुण. ऑफिसात त्यांना सगळे ‘भुंगा’ म्हणत, अगदी तोंडावर. घरी जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला त्यांचा संगणक, दुसऱ्या टोकाला माझी निवडायची भाजी, आणि मध्ये ही भुणभुण. आमचे हे त्यांची हुबेहूब नक्कल करायचे. “वहिनी, आज शेवटचं अक्षर जरा मोठ्यांदा म्हणालात,” असं म्हणून चिडवायचे, आणि सगळ्यांत आधी जाऊबाईच हसायच्या.

त्यांच्या स्वभावाला मात्र कुणी हसत नसे. बाई डूख धरते. समोरच्या दंतवैद्याने एकदा आमच्या फाटकाला चिकटून गाडी लावली आणि वर “रस्ता काय तुमच्या वडिलांचा आहे?” असं विचारलं. जाऊबाईंनी फाटक लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बरोबर त्या जागेच्या वर, गच्चीच्या कठड्यावर, पक्ष्यांसाठी दाणे टाकायला सुरुवात केली. पक्षी आले, आणि पक्षी जे करतात ते गाडीवर करून गेले. दंतवैद्य निमूटपणे गाडी गल्लीच्या टोकाला लावायला लागला, तरी दाणे चालूच.

“आता कशाला?” मी विचारलं.

“सवय झाली,” त्या म्हणाल्या.

मी अगदी उलटी. माझा राग दुधासारखा भसकन वर येतो, ओट्यावर सांडतो आणि संपतो. मी केस कापते. कोपऱ्यावर माझं छोटं दुकान आहे, दोन खुर्च्यांचं. कात्री चालते तशी जीभ चालते, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे गल्लीतलं मांजरही सांगेल. आयुष्यात मी एकच गोष्ट पोटात ठेवली. पलीकडच्या शाळेतल्या गणिताच्या बाई एका दुपारी आल्या, दार लावून घ्या म्हणाल्या, आणि डोक्यावरचा रुमाल काढला. औषधांनी केस पुंजक्यांनी गळत होते. उरलेले मी मशीन फिरवून काढले. घरी त्यांची म्हातारी आई, तिला यातलं काही माहीत नव्हतं आणि कळू द्यायचंही नव्हतं. “तुम्ही कुणाला बोलणार नाही ना?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले, आणि खरंच बोलले नाही. ह्यांनासुद्धा नाही.

तर जाऊबाईंचं काम. त्यांची कंपनी दुसऱ्यांच्या संगणकांवर पहारा करते. इस्पितळं, तपासणीच्या लॅबा, शाळा. आमचे हे त्याच कंपनीत, ग्राहक विभागात. जाऊबाईंनीच चिकटवलेलं. मोठे भाऊजी जहाजावर, ते घरी कमी आणि फोटोत जास्त. पहारा म्हणजे काठी घेऊन उभं राहणं नव्हे. पहारा नियमांचा. एक नियम म्हणजे थोडक्यात एक ओळ: अमुक वाटेने तमुक खुणेचं काही जाताना दिसलं तर घंटा वाजव. अशा ओळींचं कोठारच असतं, आणि त्यातल्या कितीतरी जाऊबाईंच्या हातच्या. प्रत्येकीला नाव द्यायचं असतं. बाकीचे आकडे देत, जाऊबाई नावं ठेवत. हळूहळू आत शिरणाऱ्यासाठी ‘मांजरपावली’. ओळखीचा मुखवटा घालून येणाऱ्यासाठी ‘लांबचा पाहुणा’. त्यांचे साहेब म्हणायचे, “हे ऑफिस आहे, बारसं नाही.” पण घंटा वाजली की तेच पळत यायचे.

मग एक दिवस गणिताच्या बाईंच्या घरी फोन आला. आईने उचलला. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, “ताई, केस गेलेल्या पेशंटसाठी आमच्याकडे उत्तम विग आहेत, अगदी खऱ्यासारखे.” म्हातारीने विचारलं, कोण पेशंट? त्याने लेकीचं नाव सांगितलं. आजाराचंही सांगितलं.

बाई सरळ माझ्या दुकानात आल्या. खुर्चीत गिऱ्हाईक बसलेलं. “तुम्हीच बोललात,” त्या म्हणाल्या. “तुमच्याशिवाय कुणाला माहीत होतं?” मी शपथा घेतल्या, रडले, काही उपयोग झाला नाही. माझी जीभ अख्ख्या गल्लीला ठाऊक. जन्मात एकदा तोंड मिटून ठेवलं आणि त्याच गोष्टीसाठी मी चहाडखोर ठरले!

फोन आणखी बऱ्याच घरी गेले होते. कुणाला कानाचं यंत्र, कुणाला कमरेचा पट्टा. ज्या लॅबमधून सगळे रिपोर्ट बाहेर गेले, तिच्यावर पहारा जाऊबाईंच्या कंपनीचा. घंटा वाजली नव्हती, कारण कुणी भिंत फोडलीच नव्हती. चोर पुढच्या दारातून, किल्लीने, रोज थोडं थोडं घेऊन गेला होता. आणि किल्ली जाऊबाईंची. लॉगिन त्यांचं, पासवर्ड त्यांचा.

“एवढा लांबलचक पासवर्ड,” साहेब म्हणाले, “तुम्ही म्हणता कुठे लिहिला नाही, कुणाला सांगितला नाही. मग काय भुताने केलं?”

पुरावा पुरेसा नव्हता म्हणून काढलं नाही, पण नियमांना हात लावायची बंदी केली. बाईंना हे कळलं तेव्हा त्या आमच्या फाटकापाशी आल्या, आत नाही आल्या. रस्त्यावरून म्हणाल्या, “दोघी जावांनी मिळून माझी अब्रू विकलीत. तुमचं भलं होणार नाही.” दंतवैद्य खिडकीत उभा राहून ऐकत होता.

त्या रात्री जेवताना मी ताट आपटलं. “चोर सोडून संन्याशाला फाशी! तो साहेबच असणार, सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे. सापडू दे मेला. माझ्या खुर्चीत बसवून त्याचं डोकं भादरीन आणि तस्साच बाईंच्या दारात नेऊन उभा करीन. नाही केलं तर हातात कात्री धरणार नाही.”

“अगं हळू,” हे म्हणाले. “वहिनी, जाऊ द्या आता. नोकरी तर राहिली ना? माणसं विसरतात.”

“मी नाही विसरत, भाऊजी,” जाऊबाई म्हणाल्या आणि त्यांनी ह्यांच्या ताटात भात वाढला.

याच सुमाराला त्यांच्या ऑफिसात एजंट आले. एजंट म्हणजे माणसं नव्हेत, संगणकातलेच हुशार चाकर. त्यांना साध्या भाषेत काम सांगायचं, ते जाऊन करून येतात. पण चाकर कितीही हुशार असला तरी कोठारात काय कुठे ठेवलंय हे त्याला कुणीतरी दाखवावं लागतं. म्हणून कंपनीने त्यांच्या हाती एक अवजार दिलं, नियम शोधायचं. “परदेशातून अवेळी कुणी आत आलं तर पकडणारा नियम आहे का आपल्याकडे?” असं विचारलं की एजंट ते अवजार घेऊन कोठारात शिरतो, जुळणारे नियम काढतो आणि सांगतो, हा आहे, हा असा चालतो, हा सध्या बंद आहे. ग्राहक विभागाला तर लॉटरीच लागली. गिऱ्हाइकाने काही विचारलं की पूर्वी जाऊबाईंच्या विनवण्या कराव्या लागत, आता एजंटला विचारलं की झालं.

पण नियमांची मूळ भाषा म्हणजे नुसती चिन्हं आणि कंस. अवजाराला शोधता यावं म्हणून प्रत्येक नियमाखाली साध्या शब्दांत लिहावं लागे, हा काय पकडतो, कशावर वाजतो. हे हमालीचं काम साहेबांनी जाऊबाईंच्या गळ्यात मारलं. आपण बांधलेल्या घराच्या दारांवर आता नुसत्या पाट्या रंगवायच्या. दुसरी असती तर राजीनामा फेकून आली असती. जाऊबाई टेबलाशी बसल्या आणि पुटपुटत, भुणभुणत पाट्या रंगवायला लागल्या. मला त्यांचा रागच यायचा.

“तुमच्या जागी मी असते तर त्या साहेबाला उभा चिरला असता,” मी म्हणायची.

“आणि मग?”

“मग काय! गार वाटलं असतं.”

“तुला लवकर गार वाटतं,” त्या म्हणायच्या.

मग एका दुपारी त्या माझ्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, केस धुऊन दे. मी चाटच पडले. एरवी त्या मला डोक्याला हात लावू देत नाहीत, तुझी बोटं बोलता बोलता केस उपटतात म्हणून. मान मागे टाकून, डोळे मिटून, फेसाखालून त्या म्हणाल्या, “एक सांगते. कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही.”

“माझ्या गळ्याची शपथ.”

“मी चोरून एक नियम लिहिलाय. त्या दिवसांत ज्या संगणकावर ते रिपोर्ट उतरले, ते मशीन पुन्हा कुठेही इंटरनेटच्या जोडणीवर आलं की घंटा वाजेल. नुसतं चालू केलं तरी. सोमवारी लावणार आहे.”

माझे हात थांबले. “आणि नाव काय ठेवलंत?”

“चांदणं. चोराच्या मनात चांदणं, म्हणून.”

मला इतका आनंद झाला की मी त्यांचे केस परत एकदा धुतले. साहेब आता नाक मुठीत धरून येईल, बाई माफी मागतील, दंतवैद्य खिडकी लावून घेईल, सगळं मला डोळ्यांपुढे दिसायला लागलं. गिऱ्हाइकांना मी एक अक्षर बोलले नाही. जीभ चावून चावून दिवस काढला. पण नवऱ्याला सांगणं म्हणजे काही कुणाला सांगणं नव्हे. हे बूट घासत बसले होते. मी सगळं सांगितलं, नावासकट.

“असला नियम असतो होय?” हे म्हणाले. “वहिनी म्हणजे ना.” आणि तोच बूट पुन्हा घासायला लागले.

सोमवार गेला. घंटा वाजल्याचं काही कळेना. मंगळवारी जाऊबाई परत दुकानात आल्या. गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी आपण होऊन दाराची पाटी ‘बंद’ अशी फिरवली आणि खुर्चीत न बसता उभ्याच राहिल्या.

“एजंटला कोण काय विचारतं ते सगळं माझ्याकडे येतं,” त्या म्हणाल्या. “उत्तर चुकलं तर पाटी सुधारायचं काम माझं ना, म्हणून. हे वाच.”

त्यांच्या फोनवर प्रश्न होते, एकाखाली एक, एकाच माणसाचे. पहिला: जुन्या मशीनचा माग काढणारा नियम कोणता? एजंटचं उत्तर: असा नियम सापडला नाही, जवळपासचे हे तीन. दुसरा: मशीन पुसून टाकलं तर असा नियम वाजतो का? उत्तर: असा नियम सापडला नाही. तिसरा: चांदणं नावाचा नियम कशावर वाजतो? उत्तर: या नावाचा नियम सापडला नाही. कृपया नाव तपासून पाहा.

“सापडला!” मी ओरडले. “कोण? साहेबच ना?”

त्यांनी बोटाने पडदा वर सरकवला. विचारणाऱ्याचं नाव वर होतं. ते माझ्या नवऱ्याचं होतं.

माणूस अशा वेळी काहीतरी वेड्यासारखं बोलतो. मी म्हणाले, “अहो, पण गिऱ्हाइकासाठी विचारलं असेल.” मग म्हणाले, “ऑफिसात कुणीतरी बोललं असेल. तुम्ही आणखी कुणाकुणाला सांगितलं होतंत?”

“चांदणं नावाचा नियमच नाही,” जाऊबाई म्हणाल्या. “असला नियम लिहिताही येत नाही. तो शब्द मी जगात फक्त एका माणसाला सांगितला. फेसाखालून.”

 मग हळूहळू एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. लांबलचक पासवर्ड, आणि तो रोज टेबलाशी बसून पुटपुटणारी बाई. आणि तिची अक्षरन् अक्षर नक्कल करणारा माणूस, ज्याला आपण सगळे हसायचो.

“रिपोर्ट आपल्याच घरातल्या इंटरनेटच्या जोडणीवरून गेले होते,” त्या म्हणाल्या. “साहेबांनी मला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. म्हणून तर मीच ठरले. मी कुणाला बोलले नाही. घरात तूही होतीस.”

“म्हणजे माझ्यावरही संशय होता!”

“बाईंचं तुला आधी माहीत होतं.”

मी तेव्हा काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तुम्ही मला गळाला लावलेला गांडूळ केलंत, म्हणाले. माझ्या जिभेला सगळे हसतात, तुम्ही तिचा फास केलात आणि माझ्याच हाताने माझ्या संसाराला अडकवलात. त्या ऐकत राहिल्या. माझं ओतून झाल्यावर म्हणाल्या, “बोलून झालं? प्रश्न विचारणं हा गुन्हा नाही. सगळेच विचारतात. एवढ्यावर साहेब मलाच वेडी ठरवतील. भाऊजींचा तो जुना लॅपटॉप कुठे आहे?”

लॅपटॉप. फोन यायला लागले त्याच आठवड्यात हे म्हणाले होते, बिघडलाय, पण टाकू नकोस, तुझ्या दुकानाच्या माळ्यावर ठेव. मी जुन्या टॉवेलांखाली ठेवला होता. बाई मला चहाडखोर म्हणाल्या तेव्हा तो बरोबर आमच्या दोघींच्या डोक्यावर होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी नाही म्हणू शकले असते. माहीत नाही, टाकून दिला, एवढं म्हणणं पुरे होतं. जाऊबाईंचं नाव तसंच काळं राहिलं असतं आणि माझं घर तसंच चालू राहिलं असतं. त्यांनाही ते कळत होतं. दंतवैद्याची गाडी महिनोन्महिने रंगवणारी ती बाई पहिल्यांदाच खाली बघून उभी होती. मला तिची दया नाही आली. मला आठवली ती बाईंची म्हातारी आई, फोन कानाला लावून “कोण पेशंट?” विचारणारी.

मी स्टूल ओढलं आणि माळ्यावर चढले.

लॅपटॉप त्यांच्या हातात दिला तेव्हा मी एवढंच म्हणाले, “हा उद्या सकाळी द्या ऑफिसात. आजची संध्याकाळ माझी.”

ह्यांना मी फोन करून दुकानात बोलावलं. आले. जाऊबाईंच्या हातात लॅपटॉप बघितला आणि पाचावर धारण बसली. आधी म्हणाले, हा माझा नाहीच. मग म्हणाले, मित्र विगचं आणि पट्ट्यांचं दुकान काढत होता, भागीदार करून घेणार होता, मी नुसते नंबर दिले. “कुणाचा जीव तर घेतला नाही ना? वहिनी, घरातलं घरात ठेवू या. तुम्हाला त्यांनी काढलं तर नाही ना?”

जाऊबाई म्हणाल्या, “भाऊजी, माझा पासवर्ड म्हणून दाखवा.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

“म्हणून दाखवा. नक्कल छान करता.”

ते रडायला लागले. मी खुर्ची फिरवली. “बसा,” म्हणाले.

“काय करतेयस?”

“तोंडातून शब्द काढला होता मी. ताट आपटून काढला होता. तेव्हा तुम्ही हळू म्हणाला होतात.”

आधी त्यांना वाटलं मी धमकी देतेय. मग माझ्या हातातलं मशीन सुरू झालं आणि ते बसले. का बसले कोण जाणे, उठून जाता आलं असतं. कपाळापासून मागे मी एक पट्टा काढला, मग दुसरा. इतकी वर्षं त्यांचे केस मीच कापत आले आहे, त्यांच्या डोक्यावर भोवरा कुठे आहे हे माझ्या बोटांना पाठ आहे. केस मांडीवर पडत होते आणि मला गार वाटेल म्हणून मी वाट बघत होते. वाटलं नाही.

बाईंच्या दारापर्यंत मी त्यांना दंडाला धरून नेलं. रस्ताभर लोक बघत होते. बाईंनीच दार उघडलं, डोक्याला रुमाल होता. मी म्हणाले, “हा तो चोर. माझा नवरा. आम्ही दोघी नव्हतो.” हे हात जोडून उभे, मान खाली.

बाई त्यांच्या डोक्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. आतून म्हाताऱ्या आईने कोण आलंय म्हणून विचारलं.

“याचे येतील परत,” बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

लॅपटॉपमध्ये सगळं निघालं. ह्यांची नोकरी गेली, चौकशी अजून चालू आहे, बाहेरच्या खोलीत झोपतात. केस आले. साहेबांनी सगळ्यांसमोर जाऊबाईंची माफी मागितली आणि कोठार पुन्हा त्यांच्या हाती दिलं. जाऊबाईंनी माफी ऐकून घेतली आणि सांगितलं, पुन्हा एकदा म्हणा, मागच्या रांगेत ऐकू गेलं नाही. आता कोठारात चांदणं नावाचा नियम खरंच आहे म्हणतात. तो कशावर वाजतो ते मी विचारलेलं नाही. टाइप करताना त्या पुटपुटत नाहीत. टेबलाच्या एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला मी, आणि मध्ये नुसता टकटक आवाज.

अधूनमधून त्या दुकानात येतात. केस धुऊन दे म्हणतात. दोन्ही खुर्च्या रिकाम्या असतात, आणि त्या खुर्च्यांसमोर उभी राहून मी सांगते, “आज जागा नाही.”

“आता कशाला?” परवा त्यांनी विचारलं.

“सवय झाली,” मी म्हणाले.